पडद्यावरचा प्लास्टिकचा कागद

कुणीतरी समुद्र गढूळ केला होता.

वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. नव्या टीव्हीत निळा समुद्र उसळायचा, पण पाहणाऱ्यांना नुसतं धुकं दिसायचं. हेमांगीबाईंनी केबल बदलली, रंग वाढवले, शेवटी टीव्ही परत करायचं ठरवलं.

टीव्ही घाबरला. दुकानापासून पडद्याला चिकटलेल्या प्लास्टिकच्या कागदाला म्हणाला, "काका, आता सोडा मला."

"ओरखडे पडतील रे पोरा. माझ्यामुळेच तू नवा आहेस."

"नवा राहून करू काय? माझा समुद्र कुणाला दिसतच नाही."

कागदानं स्वतःच्या धुरकट अंगाकडे पाहिलं. मग त्यानं हळूच एक कोपरा सोडला. हेमांगीबाईंनी तो चिमटीत धरून ओढला आणि खोलीभर निळाई पसरली.

कोपऱ्यातला, अजून प्लास्टिकमध्येच असलेला सोफा पुटपुटला, "बाई, जरा इकडेही या. मी अजून कुणालाच मांडीवर घेतलेलं नाही."