दारातला आरसा

जयवंती पावराची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती आणि बाहेरून परीक्षक आले होते डॉ. धुंडिराज खानापूरकर! नुसतं नाव ऐकून मार्गदर्शकांनाही घाम फुटायचा. दारातल्या आरशासमोर थांबून खानापूरकरांनी विस्कटलेला भांग नीट पाडला, आत येऊन खुर्चीत बसले आणि थेट तोफच डागली.

"तुम्ही शाळांचा अभ्यास करायला गेलात ना? मग एका पाड्यावर शिक्षकांबरोबर नवे धडे काय बसवलेत, दुसरीकडे मुलांच्या आयांना जमवून शाळेची वेळच काय बदललीत! आणि वर कुठली पद्धत बरी, याची तुलना!"

"पण सर, मुलं शाळेत यायला लागली," जयवंती म्हणाली.

"ती समाजसेवा झाली! संशोधक म्हणजे आरसा. आहे ते दाखवायचं, बदलायचं काही नाही. हा प्रबंध मी नाकारतोय."

झालं! इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मागे बसलेल्या आम्हा मैत्रिणींचे चेहरे उतरले. जयवंती मात्र चक्क हसली.

"आरसा म्हणालात ते पटलं, सर. दारातल्या आरशाने तुम्हाला बोटही लावलं नाही, तरी त्याच्यापुढे थांबलात आणि भांग बदलून आत आलात. नुसतं दाखवल्यानेही माणूस बदलतोच. मी फक्त लोकांना विचारून बदललं."

खानापूरकरांचा हात केसांकडे निघाला आणि वाटेतच थांबला. सगळं सभागृह खो खो हसत सुटलं!

"पेन आणा," ते पुटपुटले आणि त्यांनी मंजुरीची सही ठोकली.

जाताना मात्र आरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही!