सोंग म्हटलेलं दुखणं

फार फार वर्षांपूर्वी घडलेली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

नदीकाठच्या एका गावात विणकरांची वस्ती होती. तिथल्या एका घरात नवरा, बायको आणि नवऱ्याची आई अशी तीन माणसं राहत. सासू कर्तबगार होती, गावात तिच्या शब्दाला मान होता. सून हसरी. तिनं विणलेलं लुगडं बाजारात सगळ्यांत आधी उठे.

सुनेला दिवस गेले. पण मूल जन्मलं ते मेलेलंच. सासूनं ते फडक्यात गुंडाळलं आणि आईला न दाखवताच घराबाहेर नेलं. परत आल्यावर म्हणाली, "झालं ते झालं. आता या घरात हा विषय नको. रडत बसलीस तर पुढचंही मूल राहायचं नाही."

सून रडली नाही. नवराही आईपुढे काही बोलला नाही. अंगात पुरतं बळ यायच्या आतच ती पुन्हा मागावर बसली.

काही महिन्यांनी तिचे खांदे आखडायला लागले. मग पोटात कळा येऊ लागल्या. जेवण जाईना, झोप लागेना. बसल्या जागी छाती धडधडायची, दरदरून घाम फुटायचा. सासू तिला वैद्याकडे नेई, आणि वैद्यानं काही विचारलं की आपणच उत्तर देई, "काही नाही हो, कामाचा कंटाळा." वैद्य नाडी बघे, चूर्ण देई. गुण मात्र येत नसे.

नदीवर धुणं धुताना सासू बायकांना सांगे, "ना ताप, ना जखम. नुसती सोंगं!" बायका हसत. सून खाली मान घालून कपडे पिळत राही. तिला स्वतःचीच लाज वाटे. आपण खरंच आळशी झालो, असं तिच्या मनानं घेतलं.

एके दिवशी ती मागावरच कोसळली. धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते. नवरा धावत जाऊन वैद्याला घेऊन आला. सासू सवयीनं बोलायला लागली, तसं वैद्यानं तिला थांबवलं.

"आजवर मी तुमचंच ऐकलं, तिथंच माझं चुकलं. आता हिला बोलू द्या. काय होतंय, पोरी?"

सून कशीबशी उठून बसली. मग सासूकडे बघून हळूच म्हणाली, "आत्याबाई, मुलगा होता की मुलगी, तेवढं तरी सांगा."

सासूच्या मनात आलं, एवढा प्रश्न घेऊन ही इतके महिने माझ्यासमोर वावरली, आणि मी हिला गावभर सोंगाडी ठरवत हिंडले! तिला सुनेकडे बघवेना. पदरात तोंड लपवून ती म्हणाली, "मुलगी होती गं. दाट जावळ होतं. नाक थेट तुझं. मी डोळे भरून पाहिली आणि तुला पाहू दिली नाही."

सून हंबरडा फोडून रडली. नवरा तिच्या शेजारी बसून रडला. वैद्यानं कुणालाच गप्प केलं नाही.

पुढे सुनेनं त्या मुलीचं नाव ठेवलं, आणि घरात ते नाव उघडपणे घेतलं जाऊ लागलं. वैद्य औषध देत राहिला, पण आता तो आधी सुनेशी बोले. हळूहळू तिला झोप येऊ लागली, दोन घास गोड लागू लागले, खांदे मोकळे झाले. छातीचा अशक्तपणा मात्र गेला नाही. चढावर तिला मध्येच बसावं लागे. सासूही तिच्याजवळ थांबे. 'वेळीच विचारलं असतं तर' असं तिच्या ओठांवर येई, पण ते बोलून दाखवण्याचंही तिला तोंड उरलं नव्हतं. सुनेची धाप ओसरेपर्यंत ती जमिनीकडे बघत उभी राही.

बोध : बाईच्या दुःखाला बोलू दिलं नाही तर ते तिच्या शरीराला पोखरतं, म्हणून तिच्या दुखण्याला सोंग म्हणण्याआधी तिच्यावर काय गुजरलं ते तिलाच विचारावं.