आवडीचा ऐन

जपून या, मुळांवरून पाय घसरतो. हा ऐन. चौघांनी हात धरले तरी बुंधा कवेत येत नाही. मुळांच्या बेचक्यांत हे जांभे चिरे अडकलेत ना, ते विसाजी खोताच्या घराचं जोतं. विसाजी आमचाच मूळपुरुष. तेव्हा मी पदरचं घालून सांगतो असं म्हणू नका. यात आमचीच अब्रू जाते.

विसाजीला नव्या घराच्या तुळईसाठी वाघजाईच्या राईतला थोरला ऐन हवा होता. राईतलं झाड तोडायचं तर देवीचा कौल लागतो. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धाकू गुरवानं कौल लावला, आणि डावी पडली. खोत म्हणाला, "उजवी म्हण." धाकू म्हणेना. तेव्हा, असं सांगतात, खोतानं 'देवीनं होकार दिला' म्हणून गड्यांना कुऱ्हाडी घ्यायला लावल्या, आणि झाड पडायच्या बाजूला झुडपात धाकूला तोंडात बोळा कोंबून बांधून टाकलं. गड्यांना ते झाड पडल्यावर कळलं.

धाकूची बायको आवडी तेव्हा पोटुशी होती. तिनं त्या पडलेल्या ऐनाच्या बिया ओच्यात भरून आणल्या आणि खोताच्या जोत्याला लागून पेरल्या. बायकांना म्हणाली, "माज्या घोवाच्या जीवावर ती तुळई चढल्ये. ती खाली आलेली बगूनच मरेन."

आता ऐन म्हणजे काही शेवगा नव्हे, आज लावला नि उद्या शेंगा. बियांतली एकच रुजली. पहिली काही वर्षं ऐन वर दिसतच नाही. पावसात फुटतो, वैशाखात वाळतो, आणि खाली मूळ मात्र खोल घालत बसतो. आवडी पाणी आणून घालायची, गुरांनी खाऊ नये म्हणून करवंदीचे काटे लावायची. खोत पडवीतून बघून हसायचा. एका वर्षी नुसती काटकी उरली, तेव्हा तिनं त्या काटकीला देवीच्या नावाचं तांबडं फडकं बांधलं. खोताला थट्टा सुचली. शिमग्याला गावादेखत त्यानं काटकीपुढे स्वतःच्या हातानं नारळ वाढवला. "घे, झाली देवीची!"

इथेच आमचा शहाणा फसला. फडकं बांधून नारळ वाढवला की झाड देवीचं होतं. मग तोडायला कौल हवा, आणि फडकं सोडायला गुरवाच्याच घरचा हात हवा. त्या घरात आवडीचा शब्द शेवटचा.

पावसात काटकी फुटली. ऐन वाढत गेला, खोत आणि आवडी म्हातारी होत गेली. मुळांनी जोतं उचललं, भिंतीला भेग गेली, तुळई कलली. तोडायला एक गडी येईना. खोताच्या शब्दावर एकदा त्यांच्या हातून माणूस मेला होता. शेवटी विसाजी पागोटं हातात घेऊन राईत आला. "आवडीबाय, पोराबाळांना घेऊन जाऊ कुठं? कौल लाव."

तिनं कौल लावला, आणि उजवी पाकळी पडली. देवीनं खोताला माफ केलं होतं. खोटा कौल सांगणं धाकूच्या घरात नव्हतं. बाहेर येऊन आवडी म्हणाली, "देवीनं उजवा दिलान. तोडा म्हणत्ये." खोतानं हात जोडले. "पन फडकं मी सोडीत नाय. मेला तो देवीचा घो नव्हता, माजा होता."

त्याच पावसात तुळई खाली आली. घरची माणसं आधीच गोठ्यात राहायला गेली होती. घर सोडायला तयार नव्हता तो एकटा विसाजी. तो तिच्याखाली सापडून गेला. आवडी येऊन पडलेली तुळई बघून गेली म्हणे. मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही.

आजही शिमग्याला पालखी इथे थांबते आणि कौल लावतात. माझ्या उभ्या जन्मात डावी पाकळी पडलेली मी पाहिली नाही. देवी दरवर्षी 'आता सोड' म्हणते. आम्ही खोत हात जोडून उभे असतो. गुरवांची सून कौल ऐकून घेते, आणि जुन्या फडक्यावर नवं फडकं बांधते.