भिवाचा डावा हात

एकदा एक मुलगी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत होती. शिकवण्याचे बरेचसे तंत्र तिला अवगत झाले होते, शिक्षिका होणे तेवढे राहिले होते. तिचे नाव कुमुद.

तालुक्याच्या गावी अध्यापक विद्यालय होते आणि रस्त्यापलीकडे प्राथमिक शाळा. विद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्या शाळेत जाऊन सराव पाठ घ्यायचे, निरीक्षकाने मागच्या बाकावर बसून ते पाहायचे आणि शेरा लिहायचा, अशी तिथली रीत. कुमुदच्या वाट्याला चौथीचा वर्ग आला होता. इस्त्रीची साडी नेसून ती उभी राही, पाठाचे टाचण तोंडपाठ असे, अक्षर तर मोत्यासारखे. पण मुलांनी ‘बाई’ म्हणून हाक मारली की तिला वाटे, खऱ्या बाई आपल्या मागून आल्या असाव्यात.

त्यातच तिचा एक पाठ पुरता फसला. तिने प्रश्न विचारला आणि वर्गातून एकही हात वर आला नाही. शेवटी फळ्याकडे तोंड करून तिने आपले उत्तर आपणच लिहिले. निरीक्षकांनी शेरा दिला, ‘वर्ग निर्जीव.’ तो शेरा तिच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. आता परीक्षापाठ जवळ आला होता, आणि त्याला बाहेरून परीक्षक यायचे होते. त्यात आपण नापास झालो तर वर्ष वाया जाईल, हे भय होतेच. पण त्याच्याही तळाशी दुसरे एक भय होते, आणि ते तिने कुणाला सांगितले नव्हते. आपण जन्मभर शिक्षिकेचे सोंगच करीत राहू की काय, असे तिला वाटे.

तिची मैत्रीण शेवंता मोठी हिकमती. ती म्हणाली, “अगं, त्यात रडण्यासारखं काय आहे? मुलांना सांगून ठेव. ज्याला येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. सगळा वर्ग हात वर करून बसलेला दिसेल. तू आपली उजव्यांनाच विचारत जा.”

“आणि निरीक्षकांनी ओळखलं तर?”

“ते शेरा लिहिण्यात दंग असतात गं. हात वर आले म्हणजे झालं. डावा का उजवा, कोण बघतंय?”

कुमुदला ते पटले नाही, पण बुडत्याला काडीचा आधार. तिने मुलांना युक्ती सांगितली. मुलांना तर खेळच मिळाला.

पुढच्या सराव पाठाला निरीक्षक म्हणून एक वृद्ध गुरुजी आले. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता. प्राचार्यांच्या आग्रहाखातर ते अधूनमधून येत, पाठ पाहत, बोलत फारसे नसत. आले तसे मागच्या बाकावर मुलांच्या शेजारी अंग चोरून बसले.

पाठ अपूर्णांकांचा होता. कुमुदने विचारले, “एक तृतीयांश मोठा, की एक चतुर्थांश?” सारा वर्ग हात वर करून उभारी धरल्यासारखा दिसू लागला. तिने एका उजव्या हाताला विचारले, उत्तर बरोबर आले. दुसऱ्याला विचारले, तेही बरोबर. पाठ कसा लोण्यातून सुरी फिरावी तसा चालला होता. इतक्यात तिचे लक्ष मागे गेले. गुरुजींनीही हात वर केला होता. डावा.

तिला वाटले, त्यांना काही सांगायचे असेल. “गुरुजी, काही हवंय का?”

गुरुजींनी मानेने नाही म्हटले. हात मात्र खाली घेतला नाही.

पुढच्या बाकावरची सोनी मागे वळून पाहून खुदकन हसली. “बाई, गुरुजींना येत नाही.”

“होय गं बाळ,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “पण मला काळजी नाही. बाई मला विचारायच्या नाहीत.”

वर्ग हसला. कुमुदच्या मात्र कानशिलांपर्यंत रक्त चढले. उरलेला पाठ तिने कसाबसा उरकला.

मुले खेळायला गेल्यावर ती ओसरीत गुरुजींसमोर उभी राहिली. “चुकले मी,” ती म्हणाली. “तुम्ही शेरा लिहा, गुरुजी. काय असेल तो.”

“बस आधी,” गुरुजी म्हणाले. “आम्हाला ही युक्ती कुणी सांगितली नाही, नाहीतर आम्हीही केली असती.”

कुमुदला हसू येईना आणि रडूही येईना.

“पोरी, एक सांग. तो खिडकीपाशी बसतो, शर्टाला दोन रंगांची बटणं आहेत, तो कोण?”

“भिवा.”

“त्यानं प्रत्येक वेळी डावा हात वर केला. तू पाहिलास?”

“पाहिला.”

“आणि मग?”

“मग उजव्यालाच विचारलं.”

गुरुजी म्हणाले, “एखादा माणूस वैद्याकडे जातो. सदरा वर करून म्हणतो, वैद्यबुवा, इथं दुखतं. वैद्य ती जागा पाहतो, आणि ती सोडून बाकीचं अंग चाचपून म्हणतो, प्रकृती उत्तम आहे. तसं झालं हे. मूल आपलं अज्ञान सहसा दाखवत नाही. पाटीआड लपवतं, शेजाऱ्याच्या पाठीआड लपवतं. मी जन्मभर ते शोधत फिरलो. तुझ्या वर्गात ते हात वर करून सांगतात, बाई, मला येत नाही. तू त्यांना लबाडी शिकवायला गेलीस आणि त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकला. ज्याला येतं, त्याच्यासमोर कुणीही उभं राहिलं तरी चालतं. ज्याला येत नाही, त्याला शिक्षक लागतो. तू त्याच्यापाशी गेली नाहीस, म्हणून तुला आपण शिक्षिका आहोत असं वाटत नाही. दुसरं काही नाही.”

आपल्या मनातले भय यांना कसे कळले, हे कुमुदला उमजेना. पण परीक्षा डोळ्यांसमोर होती. “परीक्षापाठात डाव्या हाताला विचारलं आणि पाठ फसला तर?”

“फसेलही,” गुरुजी म्हणाले. “त्याची हमी मी कशी देऊ?”

एवढे बोलून ते उठले आणि चपला शोधू लागले.

परीक्षापाठाच्या दिवशी परीक्षक घड्याळ समोर ठेवून बसले. कुमुदने तोच अपूर्णांकांचा प्रश्न विचारला, सारे हात वर गेले. उजवे हात डोलत होते. ती खिडकीकडे वळली.

“भिवा, तू सांग.”

भिवा दचकला. त्याने आधी आपल्या हाताकडे पाहिले, मग तिच्याकडे. “बाई,” तो कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू गेले, “मी डावा केलाय.”

परीक्षकांची लेखणी थांबली.

“पाहिला मी,” कुमुद म्हणाली. “म्हणून तर तुला विचारलं.”

भिवा उभा राहिला. “एक चतुर्थांश मोठा. चार मोठे असतात तीनापेक्षा.”

कुणीतरी फिसकन हसले. कुमुद त्याच्या बाकापाशी जाऊन बसली. “बरं. एक भाकरी तिघांत वाटायची आहे, आणि तशीच एक चौघांत. तू कुठल्या पंगतीला बसशील?”

“चौघांच्या.”

“का रे?”

“तिघांत बसलो तर शेजारी दादा येतो. तो माझीपण खातो.”

वर्ग खो खो हसला, कुमुदही हसली. “दादा गेलाय शेतावर. आता सांग.”

भिवाने बाकावर बोटाने भाकरी काढली. तिचे तीन तुकडे केले, पुसले, चार केले, पुन्हा पुसले. वेळ जात होता. टाचणातला पुढचा भाग तसाच पडून होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बाई, माणसं वाढली की तुकडा बारीक होतो.” आणि आपल्याच बोलण्याने चकित होऊन त्याने वर पाहिले.

तास संपला. परीक्षक म्हणाले, “तुमचा पाठ अपुरा राहिला. संकलन नाही, स्वाध्याय नाही.”

“उद्या घेते,” कुमुद सहज बोलून गेली.

“उद्या?” परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिले. “आजचा तुमचा शेवटचा पाठ. उद्यापासून हा वर्ग तुमचा नव्हे.”

गुण बेताचेच पडले. ती पास झाली, एवढेच. संध्याकाळी शेवंता म्हणाली, “सुटलीस एकदाची.” पण कुमुद तोवर वर्गाच्या कायमच्या बाईंकडे जाऊन दुसऱ्या दिवसाचा अर्धा तास मागून आली होती.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तेव्हा मागचा बाक रिकामा होता. शेरा लिहायला कुणी नव्हते, गुण द्यायला कुणी नव्हते. तिने साधीच साडी नेसली होती. खडू हातात घेऊन ती म्हणाली, “काल कुणाकुणाचं राहिलं? डावे हात आधी.”

रस्त्याने जाणारे गुरुजी खिडकीपाशी थोडे थबकले. आत पाच-सहा डावे हात वर होते आणि ती त्यांच्याकडे चालली होती. गुरुजी तसेच पुढे गेले. आत जाऊन सांगावे असे काही आता उरले नव्हते.

आपल्याही पुढ्यात कुणी ना कुणी डावा हात वर करून बसलेले असते. आपण विचारतो कुणाला, एवढे पाहावे.