चुडेटेकाचा झेंडा

वाघेरी गावामागे एक बसकी टेकडी आहे. वर दगडी चौथरा, झेंड्याचा खांब, बाकी सगळं कुसळी गवत. तिला चुडेटेक म्हणतात. नाव ऐकून पाहुणे हसतात. मग गावातले म्हातारे बाळकूतात्या त्यांना चौथऱ्यावर बसवून घेतात आणि सांगू लागतात.

बेचाळीसच्या चळवळीत यमुना नावाची गावची सून चरख्याचा तिरंगा घेऊन इथं चढली. पोलीस तो हिसकावू लागले, तर तिनं काठी सोडली नाही म्हणे. झटापटीत तिच्या दोन्ही हातांतले चुडे फुटले आणि तिरंगाही गेला. ती तिथंच बोलली, "या टेकावर झेंडा लागल्याबिगर हातात बांगडी भरणार नाही."

सासू तान्हाबाई कपाळाला हात लावून बसली. "अगं, नवरा धडधाकट असताना रिकामे हात? ते माझ्यासारख्या विधवेचे!"

हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. नवरा दौलू म्हणायचा, "मी जिता आहे हे मला ठाऊक आहे, तेवढं पुरे." यमुना हसायची. पण नागपंचमीला बायका झिम्मा खेळू लागल्या, की ती दाराआड उभी राहायची.

मग सत्तेचाळीसचा ऑगस्ट आला. नव्या झेंड्यावर चरख्याच्या जागी चक्र असणार, असं कळलं. शिंप्यानं त्यागाचा केशरी, सत्याचा पांढरा आणि शिवाराचा हिरवा पट्टा जोडला. पण चक्र काही केल्या गोल येईना. तेव्हा कासारानं आपल्या माळेतली बांगडी पुढं केली. तिच्याभोवती निळीची रेघ फिरली, आत आरे भरले आणि झेंडा पुरा झाला.

टेकावर दोरी यमुनेनंच ओढली. झेंडा फडकला, तशी तान्हाबाई गर्दीतून पुढं आली आणि सुनेचा हात कासारापुढं धरून म्हणाली, "भर. कोपरापर्यंत भर."

दोन्ही हात भरून झाले. यमुनेनं सासूचं मनगट धरलं. "आता तुमचा हात, आत्याबाई."

"येडी का खुळी? मी विधवा बाई!"

"झेंडा काय एकट्या सवाष्णींचा आहे?"

कासारानं म्हातारीचा खरबरीत हात दाबून मऊ केला आणि एक केशरी, एक पांढरी, एक हिरवी अशा बांगड्या चढवल्या. त्या वाजवून बघत ती पोरीसारखी हसली, असं सांगतात.

आजही पंधरा ऑगस्टला वाघेरीच्या बायका मोकळ्या हातांनी टेक चढतात. झेंडा वर गेला, की कासार बांगड्या भरायला बसतो. पहिला मान विधवांचा असतो.