न पुसलेले पंजे

फार पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरात राजा अजितसेन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या नौकापारख्यांच्या घराण्यात जन्मला होता आणि त्याचे नाव ध्रुवक होते. नवी नौका समुद्रात लोटण्याआधी ध्रुवक तिच्या तळाशी कान लावून बसे आणि लाकडी हातोडीने फळी न् फळी ठोकून पाही. मनाची खात्री झाली की गेरूत हात बुडवून तो नौकेच्या पुढच्या टोकावर आपला पंजा उमटवी. पंजा नसलेल्या नौकेत वेलापट्टणचा एकही खलाशी पाय ठेवीत नसे.

नौका सुखरूप परत आली की तो पंजा ओल्या फडक्याने पुसायचा, आणि तोही पारख्यानेच. पंजा पुसल्याशिवाय कोणी खाली उतरायचे नाही असा रिवाज होता. बायकामुले किनाऱ्यावर ताटकळत, खलाशी वरून हात हलवीत, आणि पारखी मात्र फडके पिळत सावकाश येई. त्याला शिव्या घालण्याचाही एक रिवाजच पडून गेला होता.

बावीस वर्षांपूर्वी अजितसेनाचे वडील राजा विश्वसेन शंभर नौका आणि सहा हजार माणसे घेऊन रात्रीच्या भरतीवर शंखद्वीप जिंकायला निघाले होते. त्यातले कोणीही परतले नाही. द्वीपवाल्यांनी साऱ्यांना कापून काढले, असे लोक धरून चालले. अजितसेन तेव्हा सहा वर्षांचा होता. सूड घेतल्याशिवाय वडिलांना गती मिळणार नाही, हे त्याने मनाशी पक्के केले आणि राजा झाल्यावर मोहिमेची आज्ञा काढली.

खजिन्यात मात्र खडखडाट होता. खरेदीचे काम अमात्य सोमिलाकडे आले. सोमिलाची उभी हयात धान्याच्या कोठारांवर गेली होती आणि समुद्र त्याने गच्चीवरूनच पाहिला होता. माणूस लबाड नव्हता, पण वस्तू स्वस्तात मिळाली की त्याचा जीव भांड्यात पडे आणि पुढे काही विचारायचे त्याला सुचत नसे. पैशात चाळीस नौका बसत होत्या आणि राजाला शंभर हव्या होत्या. पुन्नक नावाच्या व्यापाऱ्याने चाळिसांच्या मोलात शंभर आणून किनाऱ्यावर उभ्या केल्या. राळेचा ताजा काळा लेप उन्हात चकाकत होता. सोमिलाने त्या दुरून मोजल्या आणि राजाला कळवले की काम फत्ते झाले.

ध्रुवक पारखायला गेला तेव्हा भर दुपार होती. ओहोटी लागली होती आणि नौका कोरड्या वाळूत टेकू देऊन उभ्या होत्या. पहिल्या नौकेत उतरताच त्याचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेले. बोटाने पाणी जिभेला लावून त्याने चव घेतली. पाणी खारे होते, आणि त्या उन्हातही थंडगार होते.

त्याने फळीला कान लावला आणि हातोडीने एकदा ठोकले. ठोका विरला, आणि मग लाकडातून दुसराच आवाज येऊ लागला. कोणीतरी पाणी उपसत होते. भांडे भरायचे, ओतायचे, पुन्हा भरायचे. ध्रुवक खाली उतरून नौकेला वळसा घालून आला. दूरवर दोन पहारेकरी पान खात बसले होते, बाकी चिटपाखरू नव्हते. दुसऱ्या नौकेत तेच ऐकू आले. तिसऱ्या नौकेत मात्र कोणीतरी अगदी कानाशी, थकलेल्या घोगऱ्या आवाजात विचारले, "किनारा दिसतो का?"

 पळून जावेसे ध्रुवकाला वाटले, पण पारख्याने पारख अर्धी सोडायची नसते. त्याने सुरीने पुढच्या टोकावरचा लेप खरवडला. खाली गेरूचा लाल रंग दिसला. आणखी खरवडल्यावर पुरा पंजा उघडा झाला. करंगळी आत वळलेली होती. ध्रुवकाच्या वडिलांच्या करंगळीवर एकदा हातोडी बसली होती आणि ती तशीच राहिली होती. त्याने आपला हात त्या पंज्यावर ठेवला आणि करंगळी सोडली तर तो बरोबर बसला.

मग त्याने सांधे पाहिले. त्या काळी नौकेच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवत. वीतभर अंतरावर टाका हवा, इथे जुनी भोके हातभर अंतरावर होती. काथ्या वाचवला होता, दिवस वाचवले होते, आणि पुन्नकाने त्याच भोकांतून नवी दोरी ओवली होती. त्या वर्षीही खजिना रिकामा असणार आणि राजाला घाई असणार. वडिलांनी हे टाके पाहिले होते आणि तरीही हात गेरूत बुडवला होता. नंतर मरेपर्यंत ते रोज किनाऱ्यावर ओले फडके मांडीवर घेऊन बसत. लोक म्हणत, बिचाऱ्याला वेड लागले. ध्रुवकही तसेच समजत आला होता, आणि आता त्याला ते आठवून भडभडून आले.

त्याने पुन्नकाला गाठून विचारले, "या नौका आणल्यास कुठून?"

"दोन कोसांवर वाळूचा दांडा आहे ना, तिथून," पुन्नक हसत म्हणाला. "गेल्या वादळात वाळू हलली आणि सगळ्या उघड्या पडल्या. सागाला काय होतंय? समुद्रानं टाकलेला माल, त्याला धनी कोण?"

दोन कोसांवरचा तो दांडा स्वच्छ दिवशी किनाऱ्यावरून दिसत असे.

ध्रुवक राजसभेत गेला. गप्प बसला असता तर मानाची वस्त्रे मिळणार होती आणि वडिलांचे नावही झाकलेले राहणार होते. त्याने हात जोडले. "महाराज, तुमचे वडील शंखद्वीपाला पोहोचलेच नाहीत. ते आपल्याच किनाऱ्यासमोर बुडाले. नौका कच्च्या होत्या आणि माझ्या वडिलांनी ते जाणून पंजा दिला. त्याच नौका आज पुन्हा विकत घेतल्या आहेत."

सोमिलाचा चेहरा पांढराफटक पडला. राजा सिंहासनावरून उठला. बावीस वर्षे जपलेला शत्रू असा एका वाक्यात हातचा जावा, हे त्याला सोसवले नाही.

"उद्या पंजे उमटव," तो म्हणाला. "नाहीतर तुझा हात मनगटापासून तोडून मी स्वतः छाप मारीन."

"हात महाराजांचाच आहे. त्याआधी उद्या दुपारी घटकाभर माझ्याबरोबर नौकेत बसा, एवढंच मागणं आहे."

दुसऱ्या दिवशी राजा आला. ध्रुवकाने त्याला सर्वांत मोठ्या नौकेत बसवले आणि स्वतः शेजारी बसला. वाळू तापली होती आणि वारा अजिबात नव्हता. थोड्या वेळाने राजाने पाय आखडून घेतले. तळातून पाणी येत होते. ते घोट्यापर्यंत आले, मग गुडघ्यापर्यंत. आणि मग एकेका नौकेतून, शंभरांतून, उपसण्याचा आवाज सुरू झाला.

दिसत कोणीच नव्हते. पण डावीकडून कोणीतरी राजाच्या हातात एक भांडे दिले. ते देणारी बोटे गार होती. राजा पाणी उपसू लागला. हात भरून आले तरी त्याला थांबता येईना.

"थांबू नका रे," जवळच कोणी म्हणाले. "किनारा दिसतो का?"

हा आवाज अजितसेनाने सहाव्या वर्षी शेवटचा ऐकला होता. भांडे त्याच्या हातून गळून पडले.

"ध्रुवका, सांग त्यांना," तो कसाबसा म्हणाला. "किनारा आला म्हणून सांग."

"सांगून ते उतरणार नाहीत, महाराज. ते वेलापट्टणचे खलाशी आहेत. पंजा पुसावा लागेल. पण एकदा पुसल्यावर या नौकांवर मी दुसरा पंजा देणार नाही. मग मोहीम नाही आणि सूडही नाही."

राजाने गळून पडलेले भांडे पाण्यातून चाचपून काठावर ठेवले. मग तो म्हणाला, "पूस."

ध्रुवकाने वडिलांचेच जुने फडके आणले होते. लेप खरवडायचा, पंजा पुसायचा आणि पुढच्या नौकेकडे जायचे, असे ऊन कलेपर्यंत चालले. सोमिलही धोतर खोचून खरवडायला लागला, आणि त्याला कोणी थांबवले नाही. जी नौका पुसली जाई तिच्यातला आवाज बंद होई आणि कोरड्या वाळूवर ओली पावले उमटत. अनवाणी, घाईची पावले शहराकडे जात.

मोठी नौका शेवटी राहिली. तिचा पंजा पुसल्यावर खलाशांची पावले गेली आणि सर्वांत शेवटी एकच जोडी खाली उतरली. ती राजासमोर येऊन जुळून थांबली. राजाने वाकून त्या पावलांपुढची वाळू कपाळाला लावली. "किनारा आला, बाबा," तो म्हणाला. पावले क्षणभर तिथेच होती. मग तीही गेली.

त्या संध्याकाळी वेलापट्टणच्या कितीतरी म्हाताऱ्यांना आपले उंबरे ओले सापडले. राजाने नौका फोडून त्या लाकडाच्या चिता रचल्या आणि बावीस वर्षे थांबलेले अंत्यसंस्कार केले. शंखद्वीपाला त्याने दूत धाडला आणि मनात धरलेल्या वैराची क्षमा मागितली. ध्रुवकाचा हात शाबूत राहिला.

ही कथा जेतवन विहारात सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा अजितसेन म्हणजे आजचा भिक्षू आनंद. अमात्य सोमिल म्हणजे आपला भांडार सांभाळणारा हा भिक्षू, ज्याने काल स्वस्तातल्या तडकलेल्या कुंड्या आणल्या. पुन्नक अजून व्यापारच करतो आहे. आणि पारखी ध्रुवक मी होतो."

एका तरुण भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि ते पाणी उपसणारे?"

शास्त्यांनी सभेवरून सावकाश नजर फिरवली. "ते तुम्ही," ते म्हणाले. "उतरलात खरे, पण जन्मोजन्मी पुन्हा चढलात."

 पुष्कळांनी उपसण्याचे घट्टे शोधावेत तसे आपले तळहात उलटून पाहिले. मग शास्त्यांनी सांगितले की त्या जन्मात त्यांच्या हातून सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परम व्रत, पुरी झाली, कारण वडिलांचा पंजा ओळखूनही त्यांनी तो झाकला नाही.