डबीचा बुडबुडा

पाण्याखाली उतरणारे यंत्रमानव नवे नवे होते, तेव्हाची गोष्ट. अशाच एकाचा कॅमेरा जिच्या पोटात बसणार होता, त्या डबीला समुद्राची भारी ओढ. पण दर सोमवारी तिच्यात हवा भरून, वजन बांधून, कुठं गळते का ते पाहायला तिला पाण्याच्या टाकीत बुडवत. झाकणाच्या फटीतून एक बुडबुडा निघे, आणि समुद्र राहून जाई.

या खेपेस तिनं ती फट टाकीच्या तळाशी दाबून धरली. "आज तरी जाऊ दे गं मला," ती टाकीला म्हणाली.

"जा की," टाकी म्हणाली. "इथं तुझी हवा बाहेर येते. तिथं समुद्र आत येईल."

डबीनं टेबलाकडं पाहिलं. कापसात गुंडाळलेला कॅमेरा तिच्या भरवशावर निजला होता.

ती हळूच कलली. बुडबुडा वर गेला.

खिडकीबाहेर भरती चढत होती. डबी पुन्हा सोमवारची वाट पाहू लागली.